मोजण्याइतकं नाही

बाबांच्या तोंडून 'शून्य' हा शब्द भिंगरीने जन्मात ऐकला नव्हता. साखरेचा डबा पालथा करून, बुडावर दोन चापट्या मारून झाल्या तरी बाबा म्हणायचे, "मला दिसण्याइतकी नाही." भिंगरीच्या गणिताच्या पेपरात एकही चूक नसली तरी, "मला सापडण्याजोगी नाही." आत्या कपाळाला हात लावायची. म्हणायची, हा मेल्यावर डॉक्टरसुद्धा बिचारा सांगेल, ऐकू येण्याजोगे ठोके नाहीत.

खोड बाबांची नव्हती, नोकरीची होती. गावाच्या टोकाला, समुद्राच्या काठावर अणुवीज केंद्र होतं, आणि त्याच्या अलीकडे रस्त्यालगत एक बुटकी प्रयोगशाळा. केंद्रातून आसपासच्या दुधात, पाण्यात, भाजीत, माशांत काही किरणोत्सर्गी उतरतंय का, हे तिथे मोजलं जायचं. बाबा तिथले मोजणीकार. मासा आणायचा, साफ करायचा, वाळवायचा, भट्टीत जाळून त्याची राख करायची आणि ती राख शिशाच्या जाड पेटीत ठेवून यंत्राला विचारायचं, काय बाई, काही दिसतंय का? यंत्र दरवेळी एकच नाव ठणकावून घ्यायचं: पोटॅशियम. ते माशात असतं, बटाट्यात असतं, माणसातही असतं, आणि केंद्र नव्हतं तेव्हाही होतं. केंद्रातून येऊ शकणाऱ्या बाकीच्या मंडळींबद्दल यंत्र म्हणायचं, मोजण्याच्या मर्यादेखाली. म्हणजे मला दिसत नाही. नाहीच आहे असं मी म्हणत नाही, मला दिसत नाही, एवढंच. या दोन वाक्यांमध्ये जी बारीकशी फट आहे, त्या फटीत बाबांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली होती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. भिंगरी रांगत होती तेव्हा तिची आई गेली, आणि आत्या पाहुणी म्हणून जी ट्रंक घेऊन आली ती परत गेलीच नाही. मंडईत तिचा माशांचा ओटा होता. दगडी ओटा, त्यावर बर्फ, बर्फावर मासे, बाजूला मधोमध झिजून खोलगट झालेला लाकडाचा ठोकळा आणि त्यावर सुरा. प्रयोगशाळेसाठी लागणारे मासेही बाबा तिच्याकडूनच न्यायचे. त्यावरून रोजची जुगलबंदी. लोक माझे मासे तळतात, माझा भाऊ नेऊन जाळतो, असं ती अख्ख्या मंडईला ऐकवायची, आणि त्यातही मेला ताजा-ताजाच उचलतो.

सगळं बिनसलं ते एका सकाळी केंद्राचा भोंगा वाजला तेव्हापासून. आतली कुठलीशी झडप गळाली आणि थोडं पाणी, जे आतच राहायला हवं होतं, ते गटारावाटे समुद्रात गेलं. दुपारपर्यंत झडप बंद झाली. संध्याकाळी केंद्राने जाहीर केलं की धोका नाही. बाबांनी पुढचे कितीतरी दिवस घरी येणं जवळजवळ सोडलं. मासे जाळले, शेवाळ जाळलं, वाळू मोजली. राखेत नेहमीचंच निघालं.

पण 'धोका नाही' हे शब्द कुणी भोंगा वाजवून मग सांगितले, की ऐकणाऱ्याच्या कानात फक्त भोंगाच राहतो.

मंडईत आत्याच्या ओट्यासमोरून माणसं आता जरा लांबून जायला लागली. आधी गिऱ्हाईक कमी झालं, मग नेहमीची माणसं दिसली की मान वळवायला लागली, आणि मग तर ओट्यासमोरचा चौकोन असा मोकळा पडला, की जणू तिथे खड्डा आहे. बर्फ वितळून ओट्याखाली ओघळायचा. संध्याकाळी आत्या मासे टोपलीत भरून परत आणायची. पहिले काही दिवस त्या तिघांनीच मासे खाल्ले, शेजारच्या मांजरींनी खाल्ले, मग मांजरींनाही कंटाळा आला. मांजरीसुद्धा बातम्या ऐकतात वाटतं, असं आत्या म्हणाली, पण हसली नाही. मंडईचा मुकादम येऊन सांगून गेला की महिनाअखेरपर्यंत ओटा असाच राहिला तर तो दुसऱ्या कुणालातरी द्यावा लागेल. मुकादम वाईट माणूस नव्हता. बोलताना तो सारखा स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

भिंगरीला हे सहन होईना. ती पंधरा वर्षांची होती, आणि गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा घसा बसायचा, ती या वर्षी वक्तृत्वाच्या स्पर्धेत पहिली आली होती. तेव्हापासून तिला वाटायचं, जगातली निम्मी संकटं केवळ कुणी नीट समजावून न सांगितल्यामुळे आहेत. शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी मागे एकदा दाखवलं होतं: रक्तदाबवाल्यांसाठी जे कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, आणि त्याच्याजवळ मोजयंत्र नेलं की ते टिकटिकायला लागतं. ते मीठ तर घरातच होतं. आत्याला डॉक्टरांनी तेच खायला सांगितलं होतं. मग काय, भिंगरीच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. बाबांनी हातातलं छोटं यंत्र मंडईत आणायचं. आधी आत्याचा मासा दाखवायचा, मग हे मीठ. मासा गप्प, मीठ बडबडं. लोकांना कळेल की आपण रोज जे चवीने खातो, त्याच्यापुढे हे केंद्र म्हणजे काहीच नाही.

बाबांनी आधी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, "यंत्र माणसांशी बोलत नाही, भिंगरी. ते नुसतं मोजतं."

बोलायला मी आहे ना, असं ती म्हणाली. दोन दिवस त्यांच्या मागे लागली, जेवताना, दाढी करताना, चपला घालताना. शेवटी आत्याच म्हणाली, ने रे बाबा एकदा ते तुझं टिकटिकं, नाहीतर ही पोरगी मला ऐकून-ऐकून बहिरी करेल. बाबांनी साहेबांची परवानगी काढली. मिठाची बरणी आत्याने स्वतः पिशवीत घातली.

सकाळी मंडई भरलेली होती. यंत्र बघायला माणसं जमली, खरं तर यंत्रापेक्षा आत्याच्या भावाला बघायला. समोरच्या फळांच्या ओळीतली केळीवालीही उठून आली. तिची आणि आत्याची बरीच वर्षांची मैत्री, म्हणजे एकाच थर्मासातला चहा आणि दिवसातून दोनदा भांडण. गर्दीत शिंपीणबाई होत्या, आत्याचं जुनं गिऱ्हाईक, आता सातवा महिना लागलेल्या. हात पोटावर ठेवून त्या जरा मागे उभ्या होत्या.

भिंगरी ओट्यालगतच्या एका फळीवर चढली. आवाज खणखणीत निघाला. बाबांनी यंत्राचं बटण दाबलं.

आणि यंत्र टिकटिकायला लागलं.

अजून मासा जवळ आणला नव्हता, मीठ उघडलं नव्हतं. यंत्र हवेतच धरलेलं होतं, आणि ते आपलं टिक, टिक-टिक, टिक करत होतं. भिंगरीला यात नवल नव्हतं, तिने हे लहानपणापासून ऐकलं होतं. पण गर्दीतून कुजबुज उठली, की बघा, काहीच ठेवलं नाही तरी वाजतंय. बाबा म्हणाले की हे असंच असतं, थोडंसं दगडातून येतं, थोडं आभाळातून, थोडं आपल्याच अंगातून. त्यावर एक माणूस शेजारच्या माणसापासून हळूच एक पाऊल बाजूला सरकला. कुणीतरी खाली ओट्याच्या दगडाकडे बघितलं.

भिंगरीने घाईघाईने मासा पुढे केला. टिकटिक होती तेवढीच राहिली. हे बघा, ती म्हणाली, माशाने काहीच फरक पडला नाही. मग तिने बरणीचं झाकण काढलं आणि बाबांनी यंत्र मिठावर धरलं. टिकटिक एकदम दाट झाली, पत्र्यावर मूठभर वाटाणे सांडावेत तशी. गर्दीचं पुढचं कोंडाळं मागे सरलं. मागच्यांच्या पायावर पाय पडले.

हाच तो क्षण, भिंगरीला वाटलं. आता सांगायचं. तिने सांगितलं की हे पोटॅशियम आहे, हेच बटाट्यात असतं, हेच केळ्यात असतं. आणि हात लांब करून केळीवालीच्या टोपलीतलं एक पिवळंधमक केळं उचलून सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. "या गावात वर्षभर राहून केंद्राकडून आपल्याला जेवढा किरणोत्सर्ग मिळतो, त्याहून जास्त आपण महिनाभराच्या केळ्यांतून घेतो!"

ती बाबांकडे वळली, त्यांनी हो म्हणावं म्हणून. बाबा हो म्हणालेच. पण नुसतं हो म्हणून थांबणं त्यांना कुठे माहीत होतं? म्हणाले, रोज एक केळं खाल्लं तर. आणि केंद्र नेहमीसारखं चालू असेल तर. शिवाय शरीर जास्तीचं पोटॅशियम साठवत नाही, बाहेर टाकतं, त्यामुळे ही तुलना अगदी तंतोतंत नाही. एका केळ्याने तर हे यंत्र हलणारही नाही. ते बोलत होते ते शब्दन् शब्द खरं होतं. आणि प्रत्येक खऱ्या शब्दागणिक समोरचे चेहरे थोडे-थोडे मिटत चालले होते, हे भिंगरीला फळीवरून स्पष्ट दिसत होतं.

मग शिंपीणबाई पुढे आल्या. त्यांच्या बोलण्यात ना टोमणा होता ना भांडण. त्यांना खरंच मासा हवा होता, पिशवीसुद्धा आणली होती.

"दादा, मला ते केळ्याबिळ्याचं कळत नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगा. त्या केंद्राचं जे काही आहे, ते या माशात शून्य आहे ना?"

यंत्र चालूच होतं. टिक. टिक-टिक. आत्याने भावाकडे बघितलं. तिने काही खूण केली नाही, नुसतं बघितलं. भिंगरी मनातल्या मनात ओरडत होती, म्हणा, म्हणा ना बाबा, एकच शब्द. बाबांनी शिंपीणबाईंच्या पोटावरच्या हाताकडे पाहिलं. पोटात बाळ असलेल्या बाईला आपल्याला माहीत आहे त्याहून तसूभरही जास्त सांगायचं, हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

"मोजण्याइतकं नाही," बाबा म्हणाले.

शिंपीणबाई जरा वेळ थांबल्या. अजून काही येईल, असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी पिशवीची घडी केली, आत्याला म्हणाल्या, रागावू नका हं, आणि गेल्या. त्यांच्या मागोमाग बाकीचेही पांगले. जाताना एकजण दुसऱ्याला सांगत होता की ऐकलंस ना, म्हणजे आहे, पण मोजता येत नाही.

एवढ्यावर निभावलं असतं तरी पुष्कळ होतं. दुपारपर्यंत केळीवालीच्या टोपल्या होत्या तशाच भरलेल्या राहिल्या. एका आईने पोराच्या हातातलं सोललेलं केळं काढून फेकून दिलं, म्हणे त्या मुलीने सांगितलं ना, केळ्यात केंद्रापेक्षा जास्त असतं. संध्याकाळी केळीवाली आत्याच्या ओट्यापाशी आली. भांडायची तर ती रोजच, पण आज आवाज चढला नाही, आणि त्यानेच आत्याचं धाबं दणाणलं.

"तुझे मासे वाचवायचे होते ना, मला सांगितलं असतंस तर मीच रोज विकत घेतले असते," ती म्हणाली. "माझ्या केळ्यांना कशाला ओढलंस त्यात?"

थर्मास तिचा होता. तो उचलून ती निघून गेली.

काही दिवसांनी लोक केळी पुन्हा खायला लागले. केळ्यावर रुसून माणूस किती दिवस राहणार? माशाशी मात्र दिलजमाई झाली नाही, कारण माशाच्या मागे समुद्र होता आणि समुद्राच्या काठावर केंद्र. केळीवालीचा धंदा सावरला, पण थर्मास काही परत आला नाही. महिनाअखेरीला मुकादम आला तेव्हा आत्याने त्याला बोलूच दिलं नाही. स्वतःच ओटा धुतला, घासून-घासून, जणू पाहुणे यायचे आहेत. ठोकळा दोघींनी मिळून घरी आणला. तो इतका जड असेल याची भिंगरीला कल्पना नव्हती. रस्त्यात त्या चार वेळा टेकल्या आणि चारही वेळा आत्या त्याच्यावरच बसली.

भिंगरीने तिची माफी मागायचं कितीदा ठरवलं. स्पर्धेत बोलणारी ती मुलगी, तिला घरातल्या घरात एक वाक्य जमेना. शेवटी एकदा भांडी पुसताना कसंबसं म्हणाली, तेव्हा आत्याने हातातली ताटली तिच्या हातात दिली. म्हणाली, तू खोटं बोलली नाहीस, तो खोटं बोलला नाही, तरी माझा ओटा गेला, आता मी भांडू कुणाशी? हीही कोरडी आहे, ठेव वर.

या वयात आत्याला काम कोण देणार? दिलं ते केंद्राने. आत जाणाऱ्या कामगारांचे अंगरखे तिथेच, आतल्या धुलाईत धुतले जातात, कारण त्यांना बाहेर नेता येत नाही. तिथे बाया हव्या होत्या. आत्याने सहीला वेळ लावला नाही. पहिल्या दिवशी तिने छातीवर लावायचा बिल्ला घरी येऊन हाताने आकार करून दाखवला. खरा बिल्ला तिथेच फळीवर टांगून यायचा असतो. अंगावर किरणोत्सर्ग किती आला ते त्यात जमा होतं आणि ठरावीक मुदतीने तो वाचायला जातो. माशांच्या बाजारात एवढी वर्षं काढली, तर कुणी विचारलं नाही बाई तुझ्या अंगावर काय आलं, असं ती म्हणाली. बाबा हसले नाहीत. ते ताटातला बटाटा चमच्याने दाबत बसले होते.

भिंगरी हळूहळू शांत होत गेली. शाळेत वादविवादाला नाव द्यायची वेळ आली, तर तिने दिलं नाही. बाईंनी विचारलं, तर म्हणाली, घसा बसलाय. रोज सकाळी खिडकीतून तिला आत्या दिसायची, केंद्राच्या बसच्या रांगेत उभी असलेली, पाठ ताठ. जिच्या माशांत केंद्राचं काही सापडलं नव्हतं, ती रोज त्या केंद्राच्या पोटात शिरत होती. लोकांच्या मनातल्या भीतीला हा हिशोब करता आला असता, तर त्या भीतीने लाजून स्वतःचीच जीभ चावली असती.

आत्याचा पहिला बिल्ला वाचून झाला तेव्हा बाबांना धुलाईच्या विभागातून कळलं. त्या दिवशी ते भिंगरीला शाळेजवळ भेटले आणि दोघं चालत घरी निघाले. तिने विचारायच्या आधीच ते सांगायला लागले. आहे, म्हणाले, थोडंसं आहे. ठरवून दिलेल्या सुरक्षित मर्यादेच्या पुष्कळ खाली, काळजी करण्यासारखं नाही. "केळ्यांत सांगायचं तर..." असं म्हणून त्यांनी मनात भागाकार सुरू केला. त्यांचे ओठ हलत होते. मग ते थांबले. आकडा त्यांनी सांगितलाच नाही, आणि भिंगरीनेही विचारला नाही. 

आत्या आधीच घरी आली होती. हात साबणाने पांढुरके, बोटांची टोकं सुरकुतलेली. माशांचा वास आता तिच्या हातांना येत नव्हता. लहानपणी भिंगरी त्या वासाला नाक मुरडायची, आणि आता तोच वास ती घरभर शोधत असायची. जेवण टेबलावर मांडलं होतं. ठोकळा टेबलाच्या पायाशी होता, त्याच्यावर भाजीचं पातेलं.

बसता-बसता आत्याने सहज विचारावं तसं विचारलं, पण तिने तोपर्यंत चमचा उचलला नव्हता.

"काय रे, आला का माझा आकडा? किती?"

बाबांनी पाण्याचा पेला पुढे ओढला. मग मागे सारला. भिंगरीला त्यांच्या कपाळावरची शीर दिसली.

"शून्य," बाबा म्हणाले.

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. हा शब्द या माणसाच्या तोंडून कधी येत नाही, हे पक्कं माहीत असलेल्या अशा जगात दोघीच होत्या, आणि दोघीही त्याच टेबलाशी बसल्या होत्या. भिंगरीने खाली मान घातली. बाबांचे कान लाल झाले होते. चोरी करताना पकडलेल्या पोराचे होतात तसे.

"शून्य," आत्याने तो शब्द एकदा स्वतः म्हणून बघितला. मग मान हलवली. "बरं झालं."

तिने भावाची थट्टा केली नाही. मिठाची बरणी जवळ ओढली, झाकण काढलं, आपल्या बटाट्यावर चिमूटभर भुरभुरलं आणि खाली बघून जेवायला लागली.